लव्हाळ्याची गाठ

सरस्वती म्हंजे माह्या लहान्या बहिणीची पोरगी. नागपुरात डॉक्टरीच्या पोरायले शिकवते. परवा आली अन् ओसरीत कागद पसरून मले चित्र काढून दाखवू लागली. म्हटलं, "माय, मी सदुसष्ट वर्साची बाई, मले आता कायले शाळा?" तं म्हणे, "मावशी, मावसाजीले काय झालं होतं, ते तुले समजलं पाह्यजे."

आता समजून काय करू? माणूस जाऊन सतरा वर्सं झाली. पण ऐकलं. अन् तवापासून जीव थाऱ्यावर नाई.

माहे मालक, कडूबा, सोनाळ्यात पानमळ्यात वेल बांधायचे. आमी बारी लोक, विड्याच्या पानाचा मळा हाच आमचा धंदा. वेल शेवरीच्या झाडावर चढते, पण सोताहून उभा राहत नाई. वीतभर वाढला का भिजवलेल्या लव्हाळ्याच्या काडीनं बांधा लागते. गाठ आवळली तं वेल कापते, ढिल्ली राह्यली तं घसरते. यायच्यासारखी गाठ गावात कोणाच्या हातात नव्हती, अन् त्याचा गर्वही मोठा. मळ्यात फिरतानी एकच बोलणं, "पडला वेल दिसला का पुढं जाचं नाई. उचलाचा, बांधाचा, मंग पुढं." माह्यासंगं दोन शब्द गोड बोलले असतील तं शपथ. सारं गोड त्या वेलासाठी.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या दुसऱ्या साली यायचं डोकं फिरलं. नागपंचमीले आमी पानाले नख लावत नाई, मळ्यात पाय ठेवत नाई. अन् वहाण तं बाराही महिने मळ्याबाहेर, मळा म्हंजे देऊळच. त्या दिवशी हे सकाळीच वहाणा घालून आत शिरले अन् टोपलीभर पानं खुडून घरी आले! वरून मलेच म्हणतात, "काऊन व, टोपली उतरवून घेत नाईस?" मी कपाळच बडवून घेतलं. दीर वामनराव धावत आले. "दादा, लाज नाई वाटत तुले? आजच्या दिवशी?" हे टोपलीतली पानं निवडत बसले. त्या साली अर्ध्या वेलाले मर लागली. झालं, सारं खापर यायच्या डोक्यावर. भाऊबंदानं सांगून टाकलं, कडूबानं आता मळ्यात यायचं नाई.

मले वाटे, हे मुद्दाम करून राह्यले. गाठ तं डोळे मिटून मारत होते, मंग नागपंचमी कशी विसरते माणूस? डॉक्टरनं ताकदीच्या गोळ्या देल्या, वय झालं म्हणे. अठ्ठावन्न काय वय असते बाप्पा?

मळा सुटला अन् घरात बांधणं सुरू झालं. बाजेचा पाय, कपाचा कान, दाराची कडी, माही वेणी. कोठून तरी लव्हाळा उपटून आणायचे, बादलीत भिजवायचे. हे बांधायचे, मी सोडायची. स्वैपाक, ढोरं, यायचं आंग धुणं, गू-मूत, अन् वरून या गाठी. पाच वर्सं! कोणाले सांगू नका, पण देवा, याले उचल नाई तं मले उचल, असं मी म्हटलं आहे. एकदा नाई, कित्तीकदा.

एक दिवस दुपारच्याले मले ताप भरला. चूल तशीच सोडून ओसरीत खालीच आंग टाकलं. मी दिवसा आडवी पडलेली यायनं जन्मात पाह्यली नव्हती. हे आले, उभे राह्यले. मंग खाली बसले, माह्या मनगटाखाली हात घालून हात उचलला, बाजेच्या पायाशी टेकवला अन् लव्हाळ्यानं बांधू लागले. मले अशी चीड आली! म्हटलं, पाच वर्सं दावणीले बांधलेलीच आहे मी, आता खरंच बांधता? "मराची बी उसंत देऊ नका मले!" असं ओरडली अन् दुसऱ्या हातानं यायच्या हातावर फाटकन मारलं. काडी खाली पडली. मंग उठून, तापातच, बादलीतला सारा लव्हाळा उकिरड्यावर नेऊन फेकला.

त्यानंतर यायनं काही बांधलं नाई. हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. बोलणंही गेलं. मी म्हटलं, चला, एक ताप तं मिटला. सहा महिन्यात गेले.

सरस्वतीनं कागदावर काढलं ते असं. माणसाच्या एकेका पेशीत बारीक नळ्या असतात. पेशी त्यायच्याच आधारानं उभी, अन् तिचं सामानही त्यायच्यावरूनच या टोकाचं त्या टोकाले जाते. पण नळी एकटी टिकत नाई, तिले धरून ठेवाले प्रथिनं असतात. कोणी नळीले सांभाळते, कोणी दोन नळ्यात अंतर राखते. अन् एका पेशीच्या दोन होतात तवा जुन्या नळ्या मोडून नव्या उभ्या करा लागतात, तं त्यायले पकड सोडाही लागते.

"म्हंजे आमची उतरण," मी म्हटलं. "वेल वर पोचला का जुन्या गाठी सोडून खाली उतरवतो, मंग नव्यानं बांधतो."

मेंदूतल्या अशा एका प्रथिनाचं नाव टाऊ. सारं अजून कोणाले समजलं नाई म्हणे, पण अशा विसरण्याच्या बिमारीत ते नळी सोडून देते अन् आपसातच गुंतून बसते. नळ्या कोसळतात, सामान पोचत नाई, पेशी मरते. "मावशी, बहुतेक मावसाजीले तेच झालं होतं. मुद्दाम काही नव्हतं. आधी आठवणी जातात, हाताची जुनी सवय लय उशिरा जाते."

मी विचारलं, "मंग त्या दिवशी मले काऊन बांधलं?"

तिले काय ठाऊक. ती म्हणे, सवयीनंच असंन. कागद घडी करून पिशवीत ठेवला अन् च्या मांडाले आत गेली.

मी तठीच बसून राह्यली. सवयच ते. पडला वेल दिसला का पुढं जाचं नाई. मळा विसरले होते, देव विसरले होते, माहं नाव विसरले होते. मी पडली, तेवढं यायले दिसलं. उचलाले हात घातला, अन् मी त्या हातावर मारलं.