खोलीपुरता आवाज

निशिकांत देवस्थळीचा आवाज खोलीपुरता आहे, हा निकाल विश्वासबुवांनी तो एकोणीस वर्षांचा असतानाच देऊन टाकला होता. निकाल चूक नव्हता. बुवांनी त्याला गायचं सोड म्हणून सांगितलं नाही, फक्त तंबोरा हातात दिला आणि आपल्या मागे बसवलं. सहा वर्षं निशिकांत पुण्यातल्या छोट्यामोठ्या बैठकींत बुवांच्या पाठीकडे बघत तारा छेडत राहिला. दुसरा कुणी असता तर कुढला असता. हा मजेत होता. मागे बसून सगळं जास्त चांगलं ऐकू येतं, असं त्याचं म्हणणं.

पुढे नोकरी, लग्न, सिंगापूर. हार्बरफ्रंटला जहाज कंपनीच्या ऑफिसात मालाची कागदपत्रं बघायची आणि संध्याकाळी सेंगकांगच्या फ्लॅटवर परतायचं, यात वीस वर्षं गेली. तंबोरा माळ्यावर गेला. मग पन्नाशी उलटल्यावर त्याच इमारतीत काम करणाऱ्या रेमंड टॅनने लिफ्टमध्ये त्याला गुणगुणताना पकडलं आणि विचारलं, "बॅरिटोन गाशील का? आमचा माणूस पर्थला गेला."

बार्बरशॉप म्हणजे काय, हे पुण्यातल्या नातेवाइकांना समजावता समजावता नीताच्या, म्हणजे निशिकांतच्या बायकोच्या, नाकी नऊ आले. चार माणसं उभी राहून गातात. पेटी नाही, तबला नाही, काही नाही. एक जण चाल गातो, एक त्याच्या वरून, एक अगदी खालून, आणि उरलेले सूर बॅरिटोनने भरायचे. अमेरिकेत पूर्वी केशकर्तनालयात नंबर लावून बसलेली गिऱ्हाइकं असं गायची म्हणे, म्हणून हे नाव. मोठे दीर उल्हास फोनवर म्हणाले, "डोक्यावर एक केस नाही आणि हा तिथं कशाला गेला?" निशिकांत दोन दिवस हसत होता.

त्यांच्या चौकडीचं नाव 'लास्ट फेरी'. रेमंड चाल गायचा, वेई मिंग वरचा सूर, आणि जेरार्ड नावाचा दातांचा डॉक्टर खर्ज. २०१३ साली ही मंडळी बँकॉकच्या स्पर्धेत पहिली आली. चार अर्धवट म्हातारे, पट्ट्यापट्ट्यांची जाकिटं घालून. कप रेमंडकडे राहिला. नीताने मात्र प्रेक्षकांत बसून सगळं गाणं फोनवर टिपलं.

जिंकल्यावर सीडी काढायची ठरली, आणि इथं घोडं अडलं.

स्टुडिओवाली बाई, आयरीन, कामाला चोख होती. चौघांना चार काचेच्या खोल्यांत उभं केलं, कानाला हेडफोन लावले आणि हेडफोनमध्ये पियानो सोडला, म्हणजे कुणी सूर सोडायला नको. प्रत्येकाचा आवाज वेगळा टिपायचा, मग जोडायचा. समोर पडद्यावर सुरांच्या रेघा उमटत होत्या. तिघांच्या रेघा बरोबर, निशिकांतची ठराविक जागी खाली.

"अंकल, थोडा फ्लॅट, सूर खाली जातोय," ती तिथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. "दर वेळी तिथंच, लाह."

त्याने पुन्हा गायलं. पुन्हा खाली. सात वेळा गायलं. शेवटी आयरीन म्हणाली, राहू दे, मी मशीनवर वर ओढून घेते. तिने ओढला. गाणं तयार झालं, ऐकलं, सगळे छान छान म्हणाले. कपाटात एकावर एक रचलेल्या ताटांसारखं नीटनेटकं होतं.

बाहेर कॉफी पिताना रेमंड कपात बघत म्हणाला, "निशी, रेकॉर्डिंगपुरता एक बॅरिटोन मिळतोय. चर्चमध्ये गातो. स्टेजवर अर्थात तूच."

"चालेल की," निशिकांत म्हणाला.

हा त्याचा जन्माचा स्वभाव. सरक म्हटलं की सरकायचा.

नीताची सगळी नोकरी पाया लेबारच्या ऑफिसात एच.आर.मध्ये गेली होती. माणसाला गोड बोलून कसं काढतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"आज रेकॉर्डिंगपुरता, उद्या स्टेजपुरता," ती म्हणाली. "बँकॉकला कोण गात होतं? त्याचा चर्चवाला?"

"अगं, मशीन दाखवतं. मी खाली लागतो."

"मशीनला कप मिळाला का? द्या इकडे ते गाणं."

तिने स्टुडिओतलं गाणं लावलं, भेंडी चिरत पूर्ण ऐकलं. मग आपल्या फोनवरचं बँकॉकचं लावलं. त्यात कुणीतरी खोकत होतं, खुर्ची सरकत होती. शेवटच्या लांब सुरावर तिचा हात थांबला.

"ही बाई कोण?"

"कुठली बाई?"

"वर गातीय ती. वेई मिंगच्याही वर. तुम्ही चौघंच होता ना? मग ही पाचवी कोण? आणि त्या दुसऱ्या गाण्यात ती का नाही?"

निशिकांतने फोन कानाला लावला. मग स्टूल घेतलं, माळ्यावर चढला आणि तंबोरा खाली काढला. नीता म्हणाली, "धूळ बाहेर झटका," पण तोवर तो फरशीवर बसलासुद्धा. खर्जाची तार जमेना, खुंटी पिळपिळून जमवली. सावकाश छेडली. कुणी लावलेला नसतानाही त्या तारेतून हळूहळू गंधार वर आला. बुवा वर्षभर त्याला एवढंच ऐकायला लावायचे. "हा खरा गंधार," म्हणायचे. "पेटीचा चढा असतो. पेटीचं ऐकलंस की कान गेला."

पियानो म्हणजे पेटीचीच थोरली बहीण. स्टुडिओत तो सात वेळा तंबोऱ्याचा गंधार लावत होता आणि आयरीन त्याला पेटीच्या गंधारावर ओढत होती. चार सूर खरे लागले की वर पाचवा आपोआप वाजतो, तीच नीताची बाई. बार्बरशॉपवाले त्याच्यासाठीच तर जीव टाकतात. आणि याच लोकांनी जन्मात पहिल्यांदा कानाला वाद्य लावून घेतलं, तेही सूर सुटू नये म्हणून.

शनिवारी चर्चवाला येणार होता. निशिकांत त्याच्याआधी अर्धा तास पोचला, नीताचा फोन घेऊन. चौघांनी दोन्ही गाणी ऐकली. त्यानंतर तो जे बोलला ते त्या मंडळींनी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"हेडफोन नको, खोल्या नको. एक माइक, भोवती चौघं. एकदा गाऊ. नाही जमलं तर मी आपणहून जातो."

आयरीन म्हणाली, "अंकल, मग मला नंतर एकेकाचं काही दुरुस्त करता येणार नाही."

"तेच तर."

जेरार्डने आधी हेडफोन काढला. म्हणाला, "मला याने कानात खाज येते." रेमंडने खिशातून तळहातावर मावणारी गोल सूरशिट्टी काढली, एक फुंकर मारली, परत खिशात ठेवली. शिट्टीचा सूर घ्यायचा आणि तिला विसरायचं, ही त्यांची रीत. चौघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. एकमेकांचा श्वास लागेल इतके जवळ.

शेवटच्या सुरावर ती पाचवी आली. काचेपलीकडे आयरीनने मान वर करून छताकडे बघितलं, मग पडद्याकडे. निशिकांतची रेघ होती तिथंच, खाली. तिने हातातली फाइल पडद्यासमोर उभी केली.

"पुढचं गाणं," ती म्हणाली.

चर्चवाला दारात उभा राहून ऐकत होता. रेमंड त्याच्याशी काय बोलला कोण जाणे. त्याला कॉफी मात्र पाजली. बाराच्या बारा गाणी तीन शनिवारांत, तशीच, एका माइकवर झाली.

सीडी आली तेव्हा नातवंडं मांडीवर घेऊन मुलगी राधिका म्हणाली, "बाबा, मला तुमचा आवाज वेगळा ऐकूच येत नाही."

"येतो कसा नाही," नीता म्हणाली. "शेवटपर्यंत थांब, बाई येते बघ वरून."

राधिका थांबली. निशिकांत तोवर सोफ्याच्या मागे खुर्ची टाकून बसला होता, सगळ्यांच्या पाठीकडे बघत.