स्पीकरकडे पाठ

"तुम्ही ऐका, मी बघतों."

एवढं म्हणून ते आपलं स्टूल ओढायचे आणि स्पीकरकडे पाठ करून गिऱ्हाइकाच्या समोर बसायचे. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर थेट आपल्या तोंडावर. डॉक्टर जीभ बघतो तसे बघायचे. गाणं संपेपर्यंत पापणी हलायची नाही. अँप्लिफायर विकणारा माणूस गाण्याकडेच पाठ करून बसतो, हे तुम्ही कुठे पाहिलंय? मी पाहिलं, आणि पस्तीस वर्षं त्याचा अर्थ चुकीचा लावला. मला वाटायचं, माणूस आगाऊ आहे.

त्यांचं नाव सांगत नाही. चेन्नईत तंजावरी मराठी माणसाला सगळे राव म्हणतात, आम्हीही रावच म्हणायचो. नुंगंबाक्कममध्ये एका शिंप्याच्या दुकानाला लागून त्यांचा गाळा. आत चार अँप्लिफायर, सहा-सात स्पीकर, भिंतीवर देवाची तसबीर, आणि गिऱ्हाइकासाठी एकच वेताची खुर्ची. दोघं आले तर एकानं उभं राहायचं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि पुणं सोडून सहा महिने. आमच्या ह्यांना गिंडीत नोकरी लागली म्हणून इथे आलो होतो. मी दोन वर्षं गाणं शिकले होते. दोन वर्षं शिकलेल्या बाईला जेवढं गाणं कळतं, तेवढं दहा वर्षं शिकलेलीला कळत नाही. तिला शंका येतात. मला एकही नव्हती.

रावांनी मला खुर्चीत बसवलं, मशीनचं बटण दाबलं, "तुम्ही ऐका, मी बघतों" म्हणून समोर बसले. मी डोळे मिटले. सूर कानावर आले तशी मान डोलवायला सुरुवात केली. मधेच एक हात वर नेऊन सम दाखवली. डोळे उघडून म्हटलं, "वरचे सूर थोडे बोचतात. बाकी गोलाई चांगली आहे."

राव तसेच बघत होते. मग हळूच म्हणाले, "अक्का, स्पीकर अजून जोडलों नाहीं. तें शिंप्याच्या रेडिओवर चाललंय."

आमचे हे तोंड फिरवून भिंतीवरच्या देवाला नमस्कार करत राहिले. बराच वेळ.

मी सूड उगवला तो त्यांच्या मराठीवर. तंजावरकडचं जुनं मराठी ते. "मी सांगितलों, मी केलों" असं बोलायचे. मी म्हणायचे, "राव, मी केलं. केलों नाही." ते "बरं" अशा अर्थी म्हणायचे, "सरि, टीचर," आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा "केलों." ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात मराठी टिकलं, त्यांना मी सहा महिन्यांच्या मुक्कामात मराठी शिकवत होते. आता पुण्याची नात माझं बोलणं ऐकून म्हणते, "आजी, तू मराठी तमिळसारखं का बोलतेस?" मी सांगते, "सरि, टीचर."

त्या वेळी मी त्यांचं न ऐकता सगळ्यात मोठा अँप्लिफायर घेतला. समोर दोन काचा, त्यात हिरव्या उजेडात नाचणाऱ्या सुया. राव समजावत होते, "पोदुम, अक्का. पुरे. एवढी ताकद लग्नाच्या हॉलला लागते. तुमचं घर दहा बाय बारा. मोठं नको, स्वच्छ हवं." पण सुया त्या लहान मशीनला नव्हत्या. पाहुणे आले की मी आवाज वाढवायची, सुया उजवीकडे पळायच्या, आणि पाहुणे "वा" म्हणायचे. सुयांना. गाण्याला कोणी म्हटल्याचं आठवत नाही.

त्या मशीननं बावीस वर्षं काढली. फ्यूज बदलायला, खरखरणारी बटणं साफ करायला मी रावांकडे जात राहिले. दर वेळी तोच कार्यक्रम. दुरुस्त झालेलं मशीन लावायचं, पाठ फिरवायची आणि माझं तोंड बघायचं. "उजवीकडचा आवाज कमी ना?" विचारायचे. आणि तो कमी असायचाच. मी म्हणायचे, काय कान आहे माणसाचा.

मग गेल्या दिवाळीनंतर आमचे हे हॉलमध्ये बसेनासे झाले.

त्याआधी वर्षभर टीव्हीच्या आवाजावरून भांडणं झाली होती. हे आवाज चाळीसवर न्यायचे, मी अठरावर आणायची, शेजारची मामी भिंतीवर ठोकायची. मग एक दिवस ह्यांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशीही. भांडण परवडलं असतं. एकाच सोफ्यावर बसून आम्ही इतकी वर्षं मालिकांमधल्या सुनांना नावं ठेवली होती. एकटीनं नावं ठेवण्यात काही मजा नाही, करून बघा.

कानाच्या डॉक्टरांनी यंत्र दिलं होतं. ते कपाटात, पासपोर्टच्या शेजारी. "म्हातारे घालतात ते," हे म्हणाले. वय शहात्तर.

तेव्हा मी ठरवलं, ह्यांना सोफ्यावर परत आणायचं. उपाय साधा होता: मोठा अँप्लिफायर. बघा, पस्तीस वर्षांत मी किती शिकले होते. नातीनं फोनवर व्हिडिओ पाठवले, मी वहीत वॅट लिहून घेतले, आणि वही व नवरा दोन्ही घेऊन रावांकडे गेले.

राव खूप वाळले होते. वही त्यांनी शेवटपर्यंत वाचली, मिटली आणि माझ्या हातात दिली.

"सार टीव्हीवर काय बघतात?" सार म्हणजे सर, आमचे हे.

"बातम्या, जुने सिनेमे."

"म्हणजे माणसांचं बोलणं. त्याला ताकद नको." त्यांनी फळीवरून एक लहानसं, काळं मशीन काढलं. दोनच स्पीकरचं, टीव्हीची वायर लावायला मागे जागा असलेलं. सुया नव्हत्या. किंमत माझ्या वहीतल्या सगळ्यात स्वस्त मशीनच्या निम्मी. ह्यांना खुर्चीत बसवलं, मी शेजारी उभी. रावांनी जुन्या मराठी विनोदी नाटकाचं ध्वनिमुद्रण लावलं, आणि "तुम्ही ऐका, मी बघतों" म्हणून पाठ फिरवून बसले.

हे हसले. बरोबर जागी. पुन्हा हसले. मला इतका आनंद झाला की मी रावांना म्हटलं, "बांधा हेच."

रावांनी आवाज बंद केला. "अक्का, तुम्ही थोडं बाहेर बसा."

"का?"

"सार ऐकत नाहींत. तुमचं तोंड बघतात. तुम्ही हसलां कीं हसतात."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे वेताच्या खुर्चीच्या हाताकडे बघत होते.

मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. आधी राग आला. मग एकेक आठवायला लागलं. भाच्याच्या लग्नात, फोनवर नात बोलत असताना, हे हसायचे ते माझ्या किंचित मागून. पुजारी पुढे आणि भक्त मागे, तसे. मला वाटायचं, ह्यांचा स्वभावच सावकाश. ज्या बाईला शिंप्याच्या रेडिओत गोलाई ऐकू आली होती, तिला शेजारचा माणूस किती बहिरा झालाय हे दिसलं नव्हतं.

आत राव बटणं फिरवत होते. ढमढम कमी केली, वरचे सूर थोडे वाढवले. हे पुढे वाकून ऐकत होते. एवढ्यात कुठलीशी वायर सैल झाली आणि स्पीकर घुरघुरायला लागला. असा की रस्त्यावरचा शहाळेवाला वळून बघायला लागला. राव मात्र स्वस्थ बसून होते.

मी दारातून म्हटलं, "राव, वायर निसटली."

राव ह्यांचं तोंड बघत होते.

मी अगदी त्यांच्या पाठीशी गेले. "राव, दुकानाला आग लागलीय." काही नाही. मला वाईट खोड आहे, शंका आली की मी खात्री करून घेते. "राव, तुमच्या घरचं सांबार अगदी पाणचट असतं."

ह्यांनी माझे ओठ वाचले आणि त्यांचे डोळे वर गेले. राव ते डोळे बघून वळले. मला इतक्या जवळ पाहून त्यांनी आधी स्पीकरवर तळहात ठेवला. घुरघुर हाताला लागली, तेव्हा कुठे त्यांनी मशीन बंद केलं.

त्यांनी स्टूल माझ्याकडे वळवलं.

"डावा पूर्ण गेला," ते म्हणाले. "उजवा थोडा आहे. तरुणपणीं गिंडीला कारखान्यांत प्रेसवर होतों ना. दिवसभर पत्रा ठोकायचें. तुम्ही पहिल्यांदा आलां, तेव्हांच डावा गेला होता."

"मग इतकी वर्षं आम्हाला मशीनं कशी विकलीत?"

"तुम्ही ऐकलां. मी बघितलों." मग माझ्याकडे बघून जरा हसले. "तोंड खोटं बोलत नाहीं, अक्का. तुमचं सोडून."

त्यांनी गल्ल्याखालचा खण उघडला. फ्यूजच्या डबीत, कापसावर, कानाचं यंत्र होतं. "शटर ओढल्यावर घालतों. बहिऱ्याकडून कोण मशीन घेणार?"

तेव्हा हे म्हणाले, "माझं कपाटात आहे."

"काय म्हणून?"

"म्हातारे घालतात."

दोघं हसले. आधी गालात, मग पोट धरून. माझ्या तोंडाकडे कोणीही बघत नव्हतं.

रावांनी मशीन बांधलं नाही. "एकट्या मशीनानं होणार नाहीं, सार. आवाज मोठा होईल, शब्द येणार नाहींत. उद्यां तुम्ही यंत्र घालून या. मी पण घालतों. दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. तुम्ही नाहीं घातलां तर मी नाहीं." घरी आल्यावर कपाट उघडल्याचा आवाज मी ऐकला.

पुढच्या आठवड्यात रावांनी घरी येऊन मशीन लावून दिलं. मला स्पीकर शोकेसवर हवे होते, बाहुल्यांच्या दोन बाजूंना. "बाहुल्या ऐकणार काय?" म्हणत त्यांनी ते ह्यांच्या कानाच्या उंचीवर, लहान टेबलांवर ठेवले. आता हे सोफ्यावर असतात. मालिकेतल्या सुनेला माझ्याआधी नावं ठेवतात. आवाज बावीसवर असतो, हा तह आहे.

राव या उन्हाळ्यात गेले. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्यांची आठवण निघाली की मला तो दुसरा दिवस दिसतो, दुकानातला.

सकाळी आम्ही पोचलो तर राव तयार होते. दोघांच्या कानांमागे एकेक यंत्र. दोघंही मुंजीतल्या बटूंसारखे लाजलेले. रावांनी लहान मशीन लावलं. या वेळी नाटक नाही, गाणं. तंबोरा सुरू झाला. "तुम्ही ऐका," ते म्हणाले, सवयीनं स्टूल ओढलं, स्पीकरकडे पाठ करून बसले, ह्यांच्या तोंडाकडे बघायला लागले.

मग उठले. स्टूल उचलून पलीकडे ठेवलं आणि आमच्याकडे पाठ करून, स्पीकरकडे तोंड करून बसले.

गाणं सात-आठ मिनिटांचं असेल. गिऱ्हाईक येऊन दारात उभं राहिलं, राव वळले नाहीत. मला दिसत होती ती त्यांची मान, पांढरे बारीक केस, सदऱ्याची उसवलेली कॉलर आणि कानामागचं ते यंत्र. त्यांचं तोंड कसं झालं होतं, ते मला बघता आलं नाही.