दांडगे सरांचं नाक

संध्याकाळी होस्टेलचं गेट लावायच्या आधी दांडगे सर स्टुलावर चढून उभे राहायचे. त्यांची उंची बेताची आणि हल्लीची पोरं ताडमाड. स्टूल नसतं तर सरांचं नाक पोरांच्या शर्टाच्या बटणापाशीच अडकलं असतं. समोर रांग लागायची. "फुंक," सर म्हणायचे. पोरगं त्यांच्या तोंडावर फुंकायचं. सर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "दुपारी मेथी. वरून गुलमंडीच्या टपरीवरचं पान. शिग्रेट तुझी नाय, शेजारच्याची हाय. जा." पोरं कपाळाला हात लावायची. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला प्रश्न पडला, की हा माणूस विद्यापीठात भूगोल शिकवतो की जादूचे प्रयोग करतो?

मी रसायनशास्त्राचा, आणि होस्टेलवर त्यांचा सहायक रेक्टर. आमचं विद्यापीठ खासगी, शहराच्या कडेला. मध्यंतरी शहरात नशेच्या गोळ्यांचा सुळसुळाट झाला, पोलीस येऊन सभागृहात भाषण करून गेले आणि लगोलग व्यवस्थापनाने नियम काढला. दारू असो की गोळी, एकदा सापडला की होस्टेलमधून कायमचा बाहेर. दारूच्या बाबतीत पुरावा म्हणून रेक्टरची सही पुरे. श्वास तपासायचं यंत्र घ्यावं, असं एकाने सुचवलंही होतं. सर भर बैठकीत म्हणाले, "यंत्राला ब्याटरी लागती. मला दोन टाइम भाकर दिली की झालं." सगळे खळखळून हसले आणि यंत्राचा विषय तिथेच संपला.

मग कोरोना आला. सर बरेच दिवस दवाखान्यात होते, पण बरे होऊन परत आले. होस्टेल पुन्हा भरलं, पुन्हा रांग लागू लागली. एके दिवशी ऑफिसातल्या कपाटामागे उंदीर मेला. शिपाई दारातूनच मागे फिरला. मी नाकाला रुमाल लावून आत गेलो, तर सर निवांत चहात बिस्किट बुडवत बसलेले. "या मास्तर, चा घ्या." मी बघतच राहिलो. त्यांनी माझ्या रुमालाकडे पाहिलं आणि हातातलं बिस्किट चहात गळून पडलं.

"काय मेलंय व्हय?" त्यांनी हळूच विचारलं.

मग दार लावून त्यांनी सगळं सांगितलं. वाफा झाल्या, औषधं झाली, पण फोडणी कळत नाही की फिनेल कळत नाही. मेथी आणि पान तर मेसचा मेनू आणि पोरांचे ओठ बघून ठोकून देत होते. मी म्हणालो, "सांगून टाका की वर." सर म्हणाले, "काय सांगू? ज्या नाकापायी यंत्र घालवलं, त्येच गेलं म्हणून? उद्या पोरं माझ्यासमोर डुलत जातील. आन् रेक्टरचं क्वार्टर सोडावं लागंल. हिचे गुडघे असे. हिला घेऊन कुठं फिरू?" ऑफिसला लागूनच त्यांचं क्वार्टर, मधल्या पडद्याआड वहिनी उभ्या होत्या. मी निघताना त्यांनी हात जोडले.

तोडगा मीच काढला. मी सरांच्या मागे उभं राहायचं आणि वास आला की खोकायचं. मी खोकलो की सर गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "हा थांब बाजूला." मला सर्दी झाली की ते सकाळ-संध्याकाळ विचारपूस करायचे. आलं-गुळाचा काढा क्वार्टरमधून खास माझ्यासाठी यायचा. मी चेष्टेने म्हणायचो, "सर, माझ्या नाकाचा विमा काढा." सुरुवातीला ते हसायचे. पुढे हसेनासे झाले. एकदा रांग संपल्यावर ते स्टुलावर तसेच उभे राहिले. मी हात पुढे केला तर म्हणाले, "मास्तर, चढताना वाटलं नव्हतं, की ह्याच्यावरून उतरता यायचं नाय."

अशी दोन वर्षं निघाली. मग माझ्या बहिणीच्या मुलीचा साखरपुडा आला आणि मी गारखेड्याला गेलो. नेमकं त्याच संध्याकाळी गेटवरच्या पठाणभाईंनी अनिकेतला धरून आणलं. अनिकेत माझाच विद्यार्थी, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा, फुलंब्रीच्या पलीकडच्या गावचा. सरांनी त्याला फुंकायला लावलं, सवयीने मागे पाहिलं, आणि मागे मी नव्हतो. पठाणभाई म्हणाले, "बू आ रही सर." सरांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी अनिकेत माझ्यासमोर रडला. गावाकडच्या, शहरात राहणाऱ्या एका प्यायलेल्या मित्राला त्याने आधार देऊन घरी पोचवलं होतं, तो मित्र याच्या अंगावर ओकला होता. मी पठाणभाईंना विचारलं. ते निर्मळ माणूस, लगेच म्हणाले, "बू तो शर्ट की थी सर. मुंह मैं कायकू सूंघूं? वो तो दांडगे सर का काम है ना."

हे मी जाऊन सरांना सांगितलं. ते चष्मा पुसून उठले आणि म्हणाले, "चला समितीपुढं."

शिस्त समितीपुढे सरांनी काही लपवलं नाही. "मला वास येत नाय. दोन वर्षं झाली. पोरगं निर्दोष हाय." अध्यक्षबाई कौतुकाने हसल्या. "सर, पोरांसाठी तुम्ही किती करता! पण म्हणून स्वतःच्या नाकावर आळ घेऊ नका." मी उभा राहिलो आणि खोकल्याची सगळी हकीकत सांगितली. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. एक सदस्य सावकाश म्हणाले, "हे खरं धरलं तर मागची सगळी प्रकरणं उघडावी लागतील. पालक कोर्टात जातील. तेव्हा हे आपण ऐकलेलं नाही." सर म्हणाले, "मग मला तरी काढा." तर म्हणे, सत्राच्या मध्यात रेक्टर बदलता येत नाही. शेवटी अनिकेतवर दया दाखवायचं ठरलं. त्याने दारू प्यायल्याचा माफीनामा लिहून द्यावा आणि होस्टेलमध्ये राहावं.

अनिकेत म्हणाला, "पिलोच नाय, तर माफी कशाची मागू?" आणि ट्रंक उचलून गेला. मला त्या पोराचा अभिमान वाटला आणि त्या खोलीत बसलेल्या आम्हा सगळ्यांची लाज वाटली.

विद्यापीठाचं पत्र त्याच्या घरी आधीच पोचलं होतं. वडिलांनी बोलणं टाकलं; शिकणं पुरे, आता वावरात ये, म्हणाले. हे कळल्यावर रविवारी सर मला घेऊन अनिकेतच्या गावी गेले. वडिलांनी पाणी दिलं, मान दिला, पण ऐकून घेईनात. "सर, पोराला पाठीशी घालू नका. इद्यापीठानं लिहून धाडलंय, ते काय उगंच?"

"त्यावर सही माझीच हाय," सर म्हणाले. "अन् ती खोटी हाय."

वडील म्हणाले, "मला एकट्याला सांगून काय उपेग? गावभर झालंय. सांगायचं तर तिथं सांगा."

सर उठले ते थेट गावच्या स्टँडवरच्या हॉटेलात. वर्गात कधी आवाज न चढवणारा हा माणूस भज्यांच्या कढईशेजारी उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "मी ह्या पोराचा रेक्टर. मला वास येत नाय. पोरगं पिलेलं नव्हतं. मी न हुंगता सही केली." बाकावरच्या एकाने विचारलं, "मंग सर, बाकीची पोरं कशी पकडायचा?" सरांनी खरं ते सांगितलं, "हे मास्तर खोकायचे." अख्खं हॉटेल माझ्याकडे वळलं. माझं तोंड तेव्हा पाहण्यासारखं झालं असणार. अनिकेतचे वडील मागे येऊन उभे होते. ते एवढंच म्हणाले, "चला, जेवून जा. अनिकेत, सरांना हात धुवायला पाणी दे." पोराशी ते कितीतरी दिवसांनी बोलले होते.

सोमवारी आमच्या आधी बातमी होस्टेलवर पोचलेली. रांग लागली. सर म्हणाले, "मला कळत नाय, हे तुम्हाला कळलंच हाय. ज्यानं घेतली असंल त्यानं सांगायचं." एकेक पोरगं "नाय सर" म्हणत आत जाऊ लागलं. मग एक उंच, काटकुळा मुलगा समोर आला आणि खाली बघत म्हणाला, "सर, मी घेतलीय. एक बीअर."

 पठाणभाईंनी रजिस्टर उघडलं. "सर, नाम लिखूं?" नियमाने त्या पोराचं होस्टेल संपलं होतं, आणि अख्ख्या रांगेत तोच एक स्वतःहून पुढे आला होता. सर त्याच्याकडे पाहत राहिले. 

"माझं लिही," ते म्हणाले. "दांडगे, रेक्टर. आन् त्याला आत सोड, ताट थंड होतंय."

पठाणभाईंनी लिहिलं. आता मात्र सत्राच्या मध्यात रेक्टर बदलता आला. महिनाअखेरीस सर वहिनींना घेऊन दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात गेले. अनिकेतला होस्टेल मिळालं नाही. रोज फुलंब्रीवरून बसने येऊन त्याने वर्ष पुरं केलं. सर मागच्या उन्हाळ्यात गेले. शेवटपर्यंत त्यांना वहिनींच्या फोडणीचा वास आला नाही.

रेक्टर म्हणून माझी नेमणूक झाली. नियम तोच आहे. संध्याकाळी गेटवर मी उभा असतो, पोरं समोरून "नाय सर" म्हणत जातात. माझं नाक शाबूत आहे, हीच पंचाईत.