दारूचा कबुलीजबाब

विमलाबाईंच्या नाकावर राग असतो, असं ठाकुर्लीच्या त्यांच्या चाळीत सगळे म्हणत. खोटं नव्हतं. पण त्या रागाला कारण काय, हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही. पुरुष चिडला की त्याला कारण असतं आणि बाई चिडली की तो तिचा स्वभाव, अशी आपल्याकडची रीत.

नवरा महिपत वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होता. मापात केसभर फरक पडू द्यायचा नाही. नऊ वर्षं मधुमेह, त्यातली शेवटची तीन इन्सुलिनवर; कारखान्यात मात्र कुणाला पत्ता नव्हता. रोज सकाळी विमलाबाई काचेच्या नळीत निळं औषध घेऊन त्यात लघवीचे आठ थेंब टाकत आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळत. रंग विटेसारखा लाल झाला तर साखर भरपूर, निळाच राहिला तर उत्तम. सहा महिने निळाच येत होता. डॉक्टरांनी शाबासकी दिली. साखर वाजवीपेक्षा खाली घसरली तरी नळी निळीच राहते, हे सांगायला मात्र त्यांना वेळ झाला नाही.

चौऱ्याण्णवच्या मार्चात, जेवणाच्या सुट्टीआधी, महिपत घामाने भिजला आणि त्याची जीभ जड झाली. सुपरवायझरने हटकलं तर त्यालाच ढकललं. गेटवरच्या वहीत नोंद झाली, ‘दारू पिऊन गोंधळ’. जन्मात थेंब न घेतलेल्या माणसाच्या हातात सस्पेंड केल्याचा कागद पडला. त्याच्या तोंडाचा वास घ्यावा, एवढंही कुणाला सुचलं नाही.

आठवड्याने विमलाबाईंचा भाऊ सखाराम दुबईहून आला, तो रक्तातली साखर मोजायचं यंत्र घेऊन. बोटाला सुई टोचायची, पट्टीवर थेंब ठेवायचा, पाऊण मिनिट थांबायचं. दुसऱ्याच दिवशी अकराच्या सुमारास महिपतला तसाच घाम फुटला. आकडा आला सेहेचाळीस. सकाळची नळी निळीशार होती.

“ताई, साखर इतकी उतरली की माणूस असाच बरळतो,” सखाराम म्हणाला. “बघणाऱ्याला वाटतं, पिऊन आलाय.”

विमलाबाईंनी यंत्र पिशवीत टाकलं आणि कारखान्यात जायला निघाल्या. दारातच युनियनचा गुणाजी भेटला. त्याने यंत्राची सगळी हकिकत ऐकून घेतली.

“वहिनी, हे तिथं दाखवू नका. दारूला माफी आहे. पहिली वेळ म्हणून पंधरा दिवस घरी बसवतील, परत घेतील. मशीनवर चक्कर येणारा माणूस म्हटला की अनफिट करून कायमचा घालवतात. तिघं गेलेले बघितलेत मी.”

“म्हणजे न प्यालेली दारू कबूल करायची?”

“नोकरी पायजे ना?”

महिपतने मान खाली घालून लिहून दिलं की मी दारू प्यालो होतो, पुन्हा तसं झालं तर मला काढून टाकावं. विमलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर दोर संन्याशानेच आणून द्यायचा. पण दोन मुली शाळेत होत्या. महिपत कामावर गेला आणि विमलाबाई नळावरच्या बायकांची कीव मुकाट्याने ऐकत राहिल्या.

मग एका रविवारी दुपारी कारखान्याचे वेल्फेअर ऑफिसर घरी आले. महिपतने नुकतंच इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं होतं, त्यावर लगेच जेवायला हवं; ताट वाढलेलं होतं. पण साहेबांसमोर जेवायचं कसं, म्हणून त्याने ताट आत पाठवलं. साहेब पंख्याखाली बसून विमलाबाईंना शिकवू लागले.

“बाई, नवऱ्याला घरातूनच धाक हवा. पगाराच्या दिवशी तुम्हीच गेटवर येऊन उभ्या राहत जा.”

विमलाबाई तीनदा “हो साहेब” म्हणाल्या. मधूनमधून त्या नवऱ्याला आत यायची खूण करत होत्या, तो उठत नव्हता. अर्धापाऊण तासाने महिपत जड जिभेने म्हणाला, “हा कोण? काढ ह्याला बाहेर.”

साहेब ताडकन उठले. “भर दुपारी घेतली? लिहून दिलेलं आठवतंय ना?”

कामावर नव्हे, सुट्टीच्या दिवशी घरात झालेलं; पाय धरले असते तर आणखी एक माफी मिळाली असती. दारूला ती मिळतेच.

“बसा,” विमलाबाई म्हणाल्या. आवाज असा होता की साहेब बसले. त्यांनी नवऱ्याचं बोट टोचलं, यंत्र साहेबांच्या मांडीवर ठेवलं आणि आकडा येईपर्यंत महिपतला साखरेचं पाणी पाजलं. एकेचाळीस आले.

पंधरा मिनिटांत महिपत माणसात आला. “साहेब, चहा घेतला का?” म्हणतोय तोच त्याला ते यंत्र दिसलं. “विमल, काय केलंस हे?”

विमलाबाई साहेबांकडेच बघत होत्या. “ह्यांच्या तोंडाचा वास घ्या. लाजू नका. काढायचं तर आजारी म्हणून काढा आणि तसं लिहून द्या. दारुड्याची बायको म्हणून मी गेटवर उभी राहणार नाही.”

काढलं नाही. लेथवरून उचलून स्टोअरमध्ये नट-बोल्ट द्यायला बसवलं, ओव्हरटाइम बंद केला. नशीब समजा, असं लोक म्हणाले. आजारी पडल्याची शिक्षा भोगायची आणि वर तिला नशीब म्हणायचं, याचा विमलाबाईंना अजूनच संताप आला.

पुढच्या रविवारी गुणाजी आला. बाहेर काढलेल्या चपला त्याने उचलून आत घेतल्या.

“वहिनी, माझी पण साखर बघा ना जरा. सात वर्षं झाली. आधी दार लावा.”

विमलाबाईंनी नवी सुई काढली. दार सताड उघडं ठेवलं.

“असंच टोचून घ्यायचं असेल तर बस. नाहीतर जा, आणि तूही पितोस म्हणून लिहून दे.”

गुणाजीने चपला उचलून पुन्हा बाहेर ठेवल्या. मग बसला.