गावाला सांगितलेला पगार

वाशीमच्या स्टेशनवर बाबांनी माझी बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली होती, आणि मी मागितली तरी देत नव्हते. दादा बाटलीत पाणी भरायला गेला होता. हैदराबादकडची गाडी आत येताना दिसली तसे बाबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "कोणी इचारलं त दवाखान्यात साहेब हाये म्हणजो. जास्ती बोलू नको."

बावीस वर्षं मी जास्ती बोललो नाही. आज बोलतो. रिठदच्या माझ्या माणसांसाठी हे लिहितोय, आणि माझ्यासारखे जे गाव सोडून कुठंकुठं पांगले त्यांच्यासाठीही.

बाबा तसं का म्हणाले, ते गावाला माहीत आहे. मी बी.एस्सी. नर्सिंग केलं, आणि आमच्या गावात तोवर कोण्या गड्यानं ते केलं नव्हतं. पानठेल्यावर पोरं मला "नर्सबाई" म्हणायची. "टोपी घालतं का रे तू बी?" असं एकानं बाबांच्या देखत विचारलं होतं. बाबा रोजमजुरी करायचे. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत, नुसते पुढं निघून गेले.

पहिल्या वर्षी चौदा एप्रिलला घरी आलो तेव्हा विहारासमोर चारचौघांत कोणीतरी विचारलं, "किती भेटते मंग महिन्याले?" मला सहा हजार मिळत होते. मी पंधरा म्हणालो. विचार करून नाही, ते तोंडातून निघून गेलं. समोरचा माणूस जरा सरकून बसला, मला जागा दिली. नर्सबाई म्हणणं त्या दिवशी बंद झालं.

पुढं अवघड झालं. दर वर्षी लोक विचारत, आणि मागच्या वर्षापेक्षा जास्त सांगावं लागे. माझ्या खऱ्या पगारात तीन-तीन वर्षं काही वाढत नसे, खोट्याचं इन्क्रिमेंट मात्र कधी चुकलं नाही. डबल ड्युट्या करून जयंतीची वर्गणी देत होतो. माईकवरून "हैदराबादवाले ब्रदर साहेब" असं नाव पुकारलं जाई, दवाखान्यात गडी नर्सला ब्रदरच म्हणतात, आणि बाबा मान खाली घालून ऐकत. बाबा गेले तेव्हा त्यांच्या लेखी मी पन्नास हजारांवर होतो. तेवढं समाधान दिलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं.

इकडं मी आयसीयूत असतो. पेशंटला दिवसातून पन्नास वेळा तेलुगूत "नोप्पी उंदा" विचारतो, म्हणजे दुखतंय का. माझ्या पोरांना घरात मी "दुखून राह्यलं का" म्हटलं की ती हसतात. त्यांची हिंदी इथली, "हौ" आणि "नक्को"ची. बायको म्हणते, तुम्ही फोनवर गावाशी बोलता तेव्हा वेगळेच कोणी वाटता. तिला कारण माहीत होतं. तिनं कधी खोदून विचारलं नाही.

आता मुख्य गोष्ट. पाच वर्षांपूर्वी दादाचा फोन आला. दादा फरशी बसवतो, रिसोडपासून वाशीमपर्यंत त्याच्या हातची फरशी आहे, आणि गुडघे कामातून गेलेत. म्हणाला, "प्रज्ञा म्हणते, काकासारखं नर्सिंगच करतो. कसं हाये?"

नको म्हण, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण का नको, हे सांगताना पगार सांगावा लागला असता. मी म्हणालो, "चांगलं हाये."

मग तिनं कागद मागितला. जात पडताळणीचा दाखला. तो असला की आमच्या मुलांची कॉलेजची फी माफ होते, नसला की पूर्ण भरावी लागते. वडिलांकडच्या एका नातेवाइकाकडं असला तर बाकीच्यांचं काम लवकर होतं. आमच्या घरात तो एकट्या माझ्याकडं होता. आजोबा शाळेत गेले नव्हते. बाबांनी चुलत आजोबांची जुनी नोंद शोधायला आठ महिने मजुरी बुडवून कचेऱ्या पालथ्या घातल्या, तेव्हा तो निघाला होता. त्याच कागदावर मी फुकट शिकलो.

"काका, नुसता फोटो टाका. झेरॉक्स आमी काढतो," प्रज्ञा म्हणाली.

मी सांगितलं, ओरिजिनल एचआरला जमा आहे, काढावं लागेल. दाखला माझ्या कपाटात, शर्टांखाली होता. ती दर दोन दिवसांनी फोन करी, आणि मी दर वेळी साहेब सुट्टीवर आहेत, मशीन बंद आहे, असं काहीबाही सांगे. फी माफ झाली नाही तर दादा माघार घेईल, पोरगी दुसरं काही शिकेल, या धंद्यातून सुटेल, असं मी मनाशी धरलं होतं. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की ती नर्स झाली तर माझा पगार उघडा पडेल याची मला भीती होती. तिचा दाखला जमा करायची मुदत संपल्यावर आठव्या दिवशी मी फोटो पाठवला. तोवर माफीची जागा गेली होती, चारही वर्षं पूर्ण फी भरावी लागणार होती.

दादानं माघार घेतली नाही. तो फोनवर शांतपणे हिशोब सांगत होता, खोलीला किती फरशी लागेल ते सांगतो तसा. "चार वर्षाचे सारे मिळून पाच लाख. तुले सत्तर हाये, तिले सुरवातीले निम्मा धरला, पस्तीस. वीस मांगं पडले तरी पंचवीस महिन्यात निघते. दोन-चार महिने तुटफूट धर." माझा दादा मापात कधी चुकत नाही. आकडा तेवढा माझा होता. त्यानं पोरीला सुरुवातीला धरलेला पगार मला सतराव्या वर्षीही मिळत नव्हता.

रोडवरचा प्लॉट विकायचा ठरला. तो आम्हा दोघांच्या नावावर होता, तिथं घर बांधायचं होतं. सही करायला मी रिसोडला आलो. कचेरीबाहेर बाकड्यावर दादानं चहा पाजला. तिथं सांगता आलं असतं. "पैसे मांगत नाही तुले," तो म्हणाला, "तुलेबी लेकरं हायेत." मागितले असते तर खरं सांगणं भाग पडलं असतं. तो मागत नाही हे मला बरं वाटलं, आणि असं बरं वाटल्याचं मला अजून सोसत नाही.

प्रज्ञा पास झाली आणि गेल्या वर्षी माझ्याच हॉस्पिटलात लागली. सोळा हजार. खोली आणि मेस जाऊन पाच उरतात. पाच लाखांना शंभर महिने, आणि त्यात तुटफूट धरलेली नाही. तिसऱ्या महिन्यात ती मला जिन्यात भेटली. "काका, तुमची स्लिप पाह्यली मी. चवतीस." पुढं काही बोलेल म्हणून मी थांबलो. ती म्हणाली, "घाबरू नका. बाबाले मीबी पस्तीस सांगतले."

मी रागावायला हवं होतं की रडायला, मला कळलं नाही. माझ्यानंतर आता ती दर वर्षी वाढवून सांगणार.

म्हणून मागच्या महिन्यात खलीलभाईंचा फोन आला तेव्हा मी ठरवलंच. खलीलभाई आमच्या गावचे किराणावाले. त्यांच्या मुलीला नर्सिंगला टाकायचं होतं, दादानं माझा नंबर दिला होता. मी त्यांना सगळं सांगितलं. सुरुवातीला सोळा, बावीस वर्षांनी चौतीस. सरकारी जागा निघाली आणि लागली तर गोष्ट वेगळी, पण ती आम्हा काका-पुतणीला लागली नाही. काम वाईट नाही, माणसांचे जीव वाचताना दिसतात. फी पूर्ण भरणार असाल तर मात्र माझं ऐकून भरू नका.

ते म्हणाले, "ब्रदर साहेब, तुमची भतीजी लागली तवा पगार चांगला होता. आमच्या पोट्टीच्या टायमाले कमी झाला का?"

मी शपथ घेतली. त्यांना ती आणखीच खोटी वाटली असणार. त्यांनी मुलीचं अॅडमिशन करून टाकलंय.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन. "काहून असं बोलला त्यायच्यासंग? माह्यं तोंड राह्यलं नाही दुकानात जायाले. लोक म्हणतात, भाऊ तुहा जळते." बावीस वर्षांचं खोटं गावानं एका शब्दानं तपासलं नाही. खरं बोललो ते दोन मिनिटांतच परत आलं.

दाखल्याचं प्रज्ञाला परवा सांगितलं. ती हातातला चार्ट बघत राहिली. मग म्हणाली, "फोटो काढाले कितीक वेळ लागते, काका?" आणि ड्युटीवर गेली. तेव्हापासून ती मला सगळ्यांसारखं "ब्रदर" म्हणते.

दादा, आता तुलाही कळलं. कागद माझ्यापाशी होता. प्लॉट माझ्यामुळं गेला. दोन्ही स्लिपांचे फोटो याच्यासोबत आहेत. तिचा तिला विचारून घेतला. ते खलीलभाईंना दाखव. पैसे परत करीन असं लिहीत नाही, कारण चौतीस हजारांत ते कसे करायचे मला माहीत नाही, आणि आणखी एक आकडा तुला सांगायची माझी हिंमत नाही.

चार दिवसांची रजा मंजूर आहे. तिकीट अजून काढलं नाही. तू फोन करून "ये" म्हणालास, शिव्या देऊन म्हणालास तरी, मी येईन. घर म्हटलं की आता मला तुझा तो एकच शब्द समोर येतो. फोन नाही आला तर मी समजून घेईन. इथं नवीन माणूस भेटला की विचारतो, ब्रदर, कुठले तुम्ही. मग मी वाशीम जिल्हा एवढंच सांगत जाईन, गावाचं नाव घेणार नाही.