हरलेल्या घरचं पिठलं

इचलकरंजीहून निघालो त्या सकाळी बाबांनी घराला कुलूप स्वतः लावलं नाही. ते माझ्या हातात दिलं, फाटकाबाहेर गेले आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले. आईचं उत्तरकार्य आदल्याच दिवशी झालं होतं. मांडवाच्या दोऱ्या अजून लोंबत होत्या, आणि गल्लीतल्या मागांचा खडखडाट नेहमीसारखा चालू होता. शेजारच्या मालूताई खिडकीशी येऊन म्हणाल्या, "सर, जपून जावा." बाबांनी हात जोडले.

त्या घरातून आधी मी कितीदा निघाले होते. पुण्याला शिकायला, मग नोकरीला, मग लग्न होऊन सिंगापूरला. दर वेळी आई दारापर्यंत यायची आणि बाबा स्टँडपर्यंत. तेव्हा जाणारीही मी असायचे आणि रडणारीही मीच. या वेळी बाबा निघाले होते आणि कोणीच रडत नव्हतं. जे माझ्यासारखे लांब राहतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. रजा संपत आली की माणूस शोकसुद्धा उरकायला लागतो. बाबांना एकटं ठेवायचं नाही, हे मी आणि माझा नवरा संदीप यांनी फोनवरच ठरवलं होतं. बाबांना विचारलंही होतं. "तुम्ही म्हणाल तसं," ते म्हणाले. शाळेत पी.टी. शिकवण्यात आणि मुलींचा कबड्डी संघ घडवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, एका शिट्टीवर जे आख्खं मैदान हलवायचे, त्यांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. तरी मी तिकीट काढलं.

सिंगापूरला सिमेई भागातल्या आमच्या कॉन्डोत बाबांना वेगळी खोली दिली. सकाळी ते स्विमिंग पूलभोवती फेऱ्या मारायचे. मी चांगी बिझनेस पार्कला ऑफिसला जायचे, आमची मुलगी रिया शाळेत. संध्याकाळी परत यावं तर बाबा बाल्कनीतल्या त्याच खुर्चीत. रविवारी लिटिल इंडियातून ज्वारीचं पीठ, बेसन, त्यांना आवडते म्हणून शेंगदाण्याची चटणी आणायची. वाढलेलं ते सगळं जेवायचे. विचारलेल्याचं उत्तर द्यायचे. पण आईचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. "सावरले हो छान," असं संदीप म्हणायचा, आणि मलाही ते खरं मानायचं होतं. त्यांना तिथेच राहता यावं म्हणून मी लाँग टर्म व्हिजिट पाससाठी अर्ज करून टाकला.

आमच्याच मजल्यावर समोर ग्रॅहम आणि लिन हे ऑस्ट्रेलियन जोडपं राहायचं. साठीला आलेला ग्रॅहम मूळचा मेलबर्नचा, जहाजांच्या तपासणीचं काम करायचा. शनिवारी दुपारी त्यांचं दार उघडं असायचं आणि टीव्हीवरचा गलका कॉरिडॉरभर पसरायचा. एका शनिवारी मी भाजी घेऊन लिफ्टमधून बाहेर आले, तर बाबा त्यांच्या दारात उभे. हात पाठीमागे बांधलेले, शाळेच्या मैदानाच्या कडेला उभे राहायचे तसे. ग्रॅहमने वळून पाहिलं आणि काही न विचारता खुर्ची पुढे ओढली.

टीव्हीवर त्यांचा तो ऑस्ट्रेलियन फुटबॉल चालला होता. क्रिकेटच्या मैदानावर, लांबट चेंडूने, हातानेही आणि पायानेही खेळायचा; सामना चार भागांचा, दोन्ही टोकांना चार-चार खांब, आणि मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तरच गोल. मला ती नुसती मारामारी वाटायची. त्या रात्री जेवताना बाबा आपणहून म्हणाले, "कबड्डीच आहे ती. मैदान मोठं केलंय आणि हातात चेंडू दिलाय, एवढंच." आई गेल्यापासून त्यांनी स्वतःहून काढलेला तो पहिला विषय होता.

मग दर शनिवारी बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून समोर जायला लागले. बाबांचं इंग्रजी शाळेतलं, ग्रॅहमचं नाकातलं. दोघांना एकमेकांचं निम्मंही कळत नसावं. पण शिट्टी वाजली की दोघं एकदमच खुर्चीत पुढे सरकायचे. लिन मला लिफ्टमध्ये म्हणाली, "तुझे बाबा असले की ग्रॅहम शिव्या कमी देतो."

त्या वर्षी ग्रॅहमचा संघ फायनलला पोचला. त्याच्या वडिलांचा हाच संघ, आजोबांचाही हाच. फायनलच्या दिवशी आम्हा सगळ्यांना आमंत्रण होतं. बाहेर ऊन तापलेलं, आणि आत एसी पार खाली आणून ग्रॅहमने गळ्यात लोकरीचा मफलर घातलेला. तो त्याच्या वडिलांचा होता, कडा उसवलेल्या. त्याचे तीन-चार मित्र बायकांसह आलेले. लिनने मांस भरलेल्या पेस्ट्रीचे ट्रे ओव्हनमधून काढले आणि आमच्यासाठी वेगळे चीज सँडविच. तिने एक स्कार्फ बाबांच्याही गळ्यात घातला. बाबांनी तो काढला नाही. संदीप माझ्याकडे बघून हसला.

पहिल्या दोन भागांत त्यांचा संघ इतका पुढे गेला की मित्रांपैकी दाढीवाला एक जण शॅम्पेन फ्रिजमध्ये ठेवून आला. ग्रॅहम त्याच्यावर रागावला. अजून वेळ आहे, असं काही करायचं नाही, म्हणाला. बाबांना ते इंग्रजी नेमकं कळलं. त्यांनी मान हलवली.

तिसऱ्या भागात आघाडी कमी व्हायला लागली. सोपे गोल बाजूच्या खांबांकडे जात होते. शेवटच्या भागात दोन्ही संघ जवळजवळ बरोबरीत आले. शेवटचं मिनिट उरलं होतं. समोरच्या संघातल्या एका पोराने अगदी कडेवरून, जिथून खांब धड दिसतही नसतील अशा कोनातून, चेंडू मारला. तो वळला आणि मधल्या खांबांमधून आत गेला. मग थोड्या वेळाने भोंगा झाला. सामना संपला.

कोणी ओरडेल, ग्लास आपटेल, असं मला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. ग्रॅहम चिप्सचा वाडगा मांडीवर धरून टीव्हीकडे बघत बसला. टीव्हीवर दुसरा संघ नाचत होता, रंगीत कागद उडत होते, आणि बंद करायला कोणी उठेना. दाढीवाला बाल्कनीत गेला आणि पाठ करून उभा राहिला. एक बाई ट्रेमधल्या पेस्ट्री एका ओळीत लावत राहिली. एवढी मोठी, जग पाहिलेली माणसं, आणि कोणाच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. रियाने माझा हात धरून हळूच विचारलं, "ममा, हू डाइड?"

मी तिला गप्प केलं. मलाही काय करावं कळत नव्हतं. सामना हरल्यावर माणसं हळहळतात, चिडतात, हे मला माहीत होतं. हे तसं नव्हतं. 'पुढच्या वर्षी नक्की' असं काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा उठले. त्यांनी ग्रॅहमच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला, आणि मला म्हणाले, "वैशू, चल घरी."

घरी आल्यावर ते सरळ स्वयंपाकघरात गेले. स्कार्फ अजून गळ्यातच होता.

"बेसन कुठं ठेवतेस?"

"कशाला? काही हवंय का? मी करते ना."

"मी करतो. तू भात टाक. जास्त टाक."

आईच्या आजारपणात बाबा स्वयंपाक शिकले होते हे मला फोनवरून माहीत होतं. करताना पाहिलं नव्हतं. त्यांनी कांदा चिरला, फोडणी केली, हिरव्या मिरच्या टाकल्या, पाण्यात कालवलेलं बेसन ओतलं आणि ढवळायला लागले. पिठलं आणि भात. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"बाबा, अहो, हे त्यांच्याकडे न्यायचंय? हे तर आपल्याकडे मयताच्या घरी देतात. ते सामना हरलेत हो फक्त."

बाबांनी गॅस बारीक केला. "माझ्या पोरी राज्याच्या फायनलला एका गुणाने हरल्या होत्या. तू पाळण्यात होतीस. शेवटची चढाई, आणि आमची पोरगी रेषेवर पोचता पोचता धरली. एसटीत कोल्हापूरपर्यंत एक पोरगी बोलली नाही. त्यांना रात्री कुठं पाठवायचं, म्हणून घरीच आणल्या. तुझ्या आईनं काय केलं असेल? पिठलं-भात. एक पोरगी म्हणाली, काकू, हे तर मयताच्या घरचं जेवण. तर ही म्हणाली, असू दे गं. हरणंपण तसंच असतं थोडं. आज कोणी चूल पेटवायची नाही आणि कोणी कोणाला समजवायचं नाही. जेवा."

ते ढवळत राहिले. मी तांदूळ धूत होते, ते हातातच राहिले. ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. आणि बाबा इतक्या महिन्यांनी आईबद्दल बोलत होते, तिच्याच आवाजात, पिठल्यात पळी घालून.

आम्ही दोन पातेली घेऊन समोर गेलो. मित्रमंडळी निघून गेली होती. टीव्ही बंद होता. ग्रॅहम त्याच जागी होता. लिनने दार उघडलं आणि पातेल्यांकडे बघतच राहिली. बाबांनी सावकाश, एकेक शब्द जुळवत इंग्रजीत सांगितलं की आमच्या गावात घरावर दुःख आलं की त्या घरात स्वयंपाक करत नाहीत. शेजारी करतात.

लिनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ताटल्या काढल्या. ग्रॅहमने चमच्याने पहिला घास घेतला. मिरचीने त्याला ठसका लागला, तरी खात राहिला. मग त्याने चमचा खाली ठेवला आणि बाबांना विचारलं, "आणि तुमच्याकडे? तुमची बायको गेली तेव्हा कोणी आणलं?"

बाबा सांगायला लागले. इंग्रजीत सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला मराठीवर आले. पहिल्या दिवशी मालूताईंनी आणलं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मागवाल्यांकडून आलं. तिसऱ्या दिवशी, ते म्हणाले, "तिसऱ्या दिवशी कोणी आणलं गं, वैशू? मला आठवत नाही. मी लक्षच दिलं नाही." आणि मग त्यांचा बांध फुटला. ते तोंडावर हात घेऊन रडायला लागले. माझ्या आयुष्यात मी बाबांना रडताना पाहिलं नव्हतं, आजीच्या वेळीही नाही, आईला उचललं तेव्हाही नाही. मी जागची हलले नाही. मला हलताच येत नव्हतं. ग्रॅहमने खुर्ची त्यांच्या जवळ सरकवली आणि नुसता बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाबा म्हणाले, "मला घरी जायचंय."

"बाबा, पासचा अर्ज केलाय. तिथं एकटे काय करणार?"

"काही नाही करणार. काल ग्रॅहमला बघितलंस ना? त्याला कोणी ऊठ म्हणालं नाही. मला जरा बसू दे, बाळा. तिच्या घरात."

मी पुष्कळ वाद घातला. औषधं, जेवण, रात्री-अपरात्री काही झालं तर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिकीट कधीचं काढतेस असं विचारलं. निघायच्या दिवशी ग्रॅहम आणि लिन एअरपोर्टला आले होते. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठी मारली. बाबांना ती नीट जमली नाही.

दिवाळीला मी एकटीच इचलकरंजीला गेले. त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती, आकाशकंदील नाही, फराळ नाही. आल्या आल्या मालूताईंनी विचारलं, "किती दिवस हाईस?" हा प्रश्न मला दर खेपेला विचारला जातो आणि परतीच्या विमानाची तारीख माझ्या जिभेवर असते. या वेळी माझ्याआधी बाबाच म्हणाले, "आईजवळ बसायला आलीय."

मग मी खरंच बसले. आईच्या साड्या काढल्या, परत ठेवल्या. दुपारी बाबा आणि मी मागच्या पायरीवर बसायचो आणि ते मला माहीत नसलेल्या आईच्या गोष्टी सांगायचे. एका दुपारी तिच्या एका साडीच्या पदराला हळदीचा डाग सापडला, तो धुवून न गेलेला, आणि मी रडायला लागले ते संध्याकाळपर्यंत. मालूताई येऊन दिवा लावून गेल्या.

सिंगापूरलाही मी घरच म्हणते, आणि ते खोटं नाही. रिया तिथे वाढली, आमची भांडणं आणि आजारपणं तिथल्याच भिंतींनी पाहिली. चांगी विमानतळावर उतरल्यावर मलाही हायसं वाटतं. पण जी माणसं मागे राहिली त्यांना आणि जी माझ्यासारखी निघून आली त्यांनाही मी आता एवढंच सांगेन, की घर एकच असावं असा हट्ट मी सोडलाय. इचलकरंजीत मी माझ्या आईसाठी रडू शकले. बाबा रडले ते सिमेईला, नवव्या मजल्यावर, एका परक्या माणसाच्या जेवणाच्या टेबलाशी. त्या टेबलालाही मला आता घरच म्हणावं लागतं.

परत निघाले तेव्हा बाबा स्टँडपर्यंत आले. गाडी सुटायला थोडा वेळ होता. त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि ग्रॅहमचा मेसेज मला वाचून दाखवला. नवा कोच आलाय, असं काहीतरी.

"मार्चमध्ये यांचा खेळ पुन्हा सुरू होतो म्हणे," ते म्हणाले. "तेव्हा येतो मी. तिकीट बघून ठेव."