शुगर कंट्रोलमध्ये होती

शुगर एकदम कंट्रोलमध्ये असताना नंद्या काल गेला.

नंदू माझा इथला, जपानमधल्या ग्योतोकुचा शेजारी. मूळचा पुण्याचा. दोघांची ऑफिसं तोयोसुला, त्यामुळे ट्रेनमधलं त्याचं प्रवचन मला रोज फुकट.

डायबेटिस निघाला आणि या माणसाने भात सोडून सोबा धरला. म्हणजे बक्वीटच्या, आपल्या कुट्टूच्या, जपानी शेवया.

प्रोटीन चांगलं, फायबर चांगलं, शुगर सावकाश चढते, आणि रुटिन नावाचं काहीतरी रक्तवाहिन्यांना जपतं. हे सगळं मोठ्याने. मराठीत, म्हणून बाकीचे प्रवासी वाचले.

कुट्टू उपवासाला चालतो, म्हणून एकादशीलाही सोबाच.

अशाच एका एकादशीला मी त्याच्या घरी पाकीट उलटं करून वाचलं. पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं. बक्वीट दुसरं. आणि सोबतच्या सॉसमध्ये चक्क सुका मासा.

नंद्याने पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं.

"देवाचं मी बघून घेईन रे. डॉक्टरला कोण सांगणार?"

त्यानंतर फक्त शंभर टक्के बक्वीटचा. काळपट, महाग, उकळताना तुटणारा. वर अनघावहिनींनी केलेलं मशरूमचं सार. डॉक्टर खूश.

त्या दोघांना मूलबाळ नाही. मी आधी गेलो तर ही इथे एकटी, असं एकदाच बोलला होता. प्रवचनं त्यासाठी होती.

मग अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. त्यावर पाकिटामागे काही लिहिलेलं नसतं.

शेवटी घास उतरेना. सोबा उकळून उरलेलं पांढुरकं पाणी इथे लोक जेवणानंतर पितात, सत्त्व त्यात उतरतं म्हणून. परवा वहिनींनी ते थर्मासमधून हॉस्पिटलात नेलं. नर्सला विचारून चमच्याने भरवलं. मी तिथेच होतो.

दोन-तीन चमचे घेतले, आणि म्हणाला, "शेवया टाकून दिल्यास का?"

फ्रिजमध्ये ठेवल्यात, वहिनी म्हणाल्या.

"मग घरी जाऊन जेव त्या. सकाळपासून काही खाल्लेलं नाहीयेस तू."

त्या गेल्या नाहीत. कालही त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

आज दुपारी मी त्यांच्या फ्रिजमधून त्याच शेवया काढल्या. चिकटून गोळा झाला होता. तुपा-जिऱ्याची फोडणी देऊन समोर ठेवल्या.

वहिनींनी ताटली बाजूला सारली. मग परत ओढली.

नंद्या, वहिनी जेवल्या रे. थोड्याच, पण जेवल्या.

जा आता निवांत.